विश्लेषण : कृष्णद्रव्य शोधण्यासाठी झेनॉन इतके स्वच्छ का लागते?

जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटर खोल खाणीत दहा टन द्रवरूप झेनॉनने भरलेली एक टाकी आहे. तिच्याभोवती पाण्याचा मोठा हौद आणि आत प्रकाशाचा अगदी पुसटसा झोतही टिपणाऱ्या शेकडो नळ्या. अमेरिकेतील ‘लक्स-झेप्लिन’ या प्रयोगाने अशा टाकीतल्या ४१७ दिवसांच्या नोंदी तपासून डिसेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो कृष्णद्रव्याचा कण काही सापडला नाही. सूर्याच्या गाभ्यातून निघालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मात्र मिळाल्या. या खुणा इतक्या क्षीण असतात की काही वर्षांपूर्वीच्या टाक्यांमध्ये त्या इतर गोंगाटात बुडून गेल्या असत्या. हा गोंगाट कमी कसा झाला, त्यासाठी वायू कसे शुद्ध केले जातात आणि आता या तंत्राची मर्यादा कुठे येते, याचा हा आढावा.

कृष्णद्रव्याच्या शोधासाठी राजवायूच का?

विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी साधारण ८५ टक्के द्रव्य आपल्याला दिसत नाही. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये दीर्घिकांच्या समूहाचा अभ्यास करताना आणि व्हेरा रुबिन, केंट फोर्ड यांनी १९७० च्या दशकात दीर्घिकांच्या फिरण्याचा वेग मोजताना हे न दिसणारे द्रव्य हिशेबात धरावे लागते, असे दाखवून दिले. ते कशाचे बनले आहे, याचे उत्तर अद्याप नाही. साध्या द्रव्याशी क्वचितच धडकणारे जड कण हा त्याचा एक मोठा दावेदार; त्यांना ‘विम्प’ म्हणतात. असा कण एखाद्या अणुकेंद्रकाला धडकलाच, तर ते केंद्रक किंचित मागे सरकेल. ही हालचाल पकडणे हेच डिटेक्टरचे काम.

हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रेडॉन हे आवर्तसारणीच्या शेवटच्या रकान्यातले राजवायू. ते सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. हाच गुण येथे कामी येतो. द्रवात सुटा झालेला इलेक्ट्रॉन राजवायूचे अणू पकडून ठेवत नाहीत, त्यामुळे तो दूरवर प्रवास करू शकतो. शिवाय धडकेनंतर हे द्रव प्रकाश देतात आणि स्वतःच्याच प्रकाशाला पारदर्शक असतात. झेनॉन उणे १०८ अंश सेल्सियसला द्रवरूप होतो आणि पाण्याच्या जवळपास तिप्पट घन असतो. त्याचे केंद्रकही जड, म्हणजे विम्पला धडकण्यासाठी मोठे लक्ष्य.

टाकीत नेमके काय घडते?

एखादा कण झेनॉनच्या अणूला धडकला की दोन गोष्टी होतात. लगेच अतिनील प्रकाशाचा एक बारीक झोत निघतो. हा पहिला संकेत. त्याच वेळी काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. टाकीत लावलेले विद्युतक्षेत्र त्यांना वर ओढते. द्रवाच्या पृष्ठभागावर झेनॉनच्याच वायूचा पातळ थर ठेवलेला असतो. इलेक्ट्रॉन त्या थरात शिरले की पुन्हा प्रकाश निघतो, या वेळी अधिक मोठा. हा दुसरा संकेत.

दोन संकेतांमध्ये किती वेळ गेला, यावरून धडक किती खोलीवर झाली ते कळते. दुसरा प्रकाश वरच्या कोणत्या नळ्यांवर पडला, यावरून आडवी जागा कळते. म्हणजे प्रत्येक धडकेचा ठावठिकाणा मिलिमीटरांच्या हिशेबात मिळतो. आणखी महत्त्वाचे म्हणजे दोन संकेतांचे परस्परप्रमाण. किरणोत्सारातून येणारे बीटा आणि गॅमा किरण अणूतल्या इलेक्ट्रॉनला धक्का देतात, तर विम्प केंद्रकाला देईल. इलेक्ट्रॉनला धक्का बसला तर दुसरा संकेत तुलनेने मोठा येतो, केंद्रकाला बसला तर लहान. या फरकावरून बहुतेक खोटे संकेत बाजूला काढता येतात. बहुतेक, सगळे नाहीत. खोट्या संकेतांची संख्या प्रचंड असेल, तर त्यातले थोडेसे चाळणीतून निसटतात आणि नेमके तेच खऱ्या कणासारखे दिसतात. म्हणून मुळात खोट्यांची संख्याच कमी करावी लागते.

टाकी मोठी करून भागत नाही का?

टाक्या मोठ्या झाल्या, हे खरे. इटलीतल्या ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत २००६-०७ मध्ये चाललेल्या ‘झेनॉन-१०’ या प्रयोगात निष्कर्षासाठी वापरलेले झेनॉन जेमतेम साडेपाच किलो होते. आज ‘लक्स-झेप्लिन’मध्ये ते साडेपाच टन आहे, म्हणजे हजारपट. पण विम्पच्या धडकेची शक्यता तपासण्याची क्षमता त्याच काळात सुमारे वीस हजार पटींनी वाढली. हा जास्तीचा फायदा मुख्यतः आला तो दर किलो झेनॉनमागचा गोंगाट घटल्यामुळे.

आकार वाढवण्याचा एक आडफायदा असतो. झेनॉन घन असल्याने बाहेरून येणारे गॅमा किरण टाकीच्या कडेच्या काही सेंटिमीटरांतच अडतात. मधला भाग त्यामुळे आपोआप संरक्षित राहतो. म्हणूनच ‘लक्स-झेप्लिन’च्या दहा टनांपैकी सात टनांवर नजर असते आणि त्यातल्या मधल्या साडेपाच टनांच्याच नोंदी हिशेबात धरल्या जातात. वैश्विक किरण अडवायला वर दीड किलोमीटर खडक आहे आणि भोवती पाणी आहे. पण हे सगळे उपाय बाहेरच्या शत्रूसाठी. झेनॉनमध्येच मिसळलेली अशुद्धी कडेला थांबत नाही, ती टाकीभर सारखी पसरते. तिच्यावर खडक, पाणी किंवा आकार यांचा काही उपाय चालत नाही.

इलेक्ट्रॉन वाटेत हरवतात कुठे?

पहिली अशुद्धी अगदी नेहमीची आहे : ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ. टाकीच्या भिंती, केबल, प्लास्टिकचे भाग यांतून ती सतत थोडीथोडी सुटत राहते. ती किरणोत्सारी नसते, पण इलेक्ट्रॉनला चटकन चिकटते. वर निघालेले इलेक्ट्रॉन वाटेतच गळाले तर दुसरा संकेत लहान होतो आणि मोजमाप बिघडते. टाकी जितकी उंच तितका इलेक्ट्रॉनचा प्रवास लांब, म्हणजे मोठी टाकी करायची तर झेनॉन आधीपेक्षा जास्त शुद्ध हवे.

आधीची पद्धत अशी होती : द्रव झेनॉनची वाफ करायची, ती तापवलेल्या झिर्कोनियमवरून न्यायची, तिथे ऑक्सिजन आणि पाणी धातूशी संयोग पावून अडकतात, आणि उरलेला वायू पुन्हा थंड करून टाकीत सोडायचा. पद्धत खात्रीची, पण संथ. २०१६ ते २०१८ या काळात चाललेल्या ‘झेनॉन-वनटी’ प्रयोगात याच पद्धतीने इलेक्ट्रॉनचे सरासरी आयुष्य ०.६५ मिलिसेकंदांपर्यंत गेले. तळापासून वर येण्यास इलेक्ट्रॉनला जवळपास तितकाच वेळ लागत होता. म्हणजे तळाशी सुटलेल्या इलेक्ट्रॉनपैकी एक तृतीयांशाहून थोडेच अधिक वर पोहोचत.

त्यानंतरच्या ‘झेनॉन-एनटी’ने पद्धत बदलली. झेनॉनची वाफ न करता द्रवरूपातच पंपाने तो गाळण्यांतून नेला जातो. मिनिटाला सुमारे दोन लिटर या वेगाने साधारण एका दिवसात साडेआठ टनांहून अधिक झेनॉन गाळून होते. इलेक्ट्रॉनचे आयुष्य १० मिलिसेकंदांच्या वर गेले. आता तळापासूनच्या सव्वादोन मिलिसेकंदांच्या प्रवासात पाचपैकी चार इलेक्ट्रॉन सुखरूप वर पोहोचतात.

इलेक्ट्रॉन वाटेत गळू नयेत, तसेच नको तिथून सुटूही नयेत. विद्युतक्षेत्रासाठी टाकीत पोलादी तारांच्या बारीक जाळ्या लावतात. तारांच्या पृष्ठभागावरून अधूनमधून एखाददुसरा इलेक्ट्रॉन निसटतो आणि खोटा संकेत देतो. ‘लक्स-झेप्लिन’च्या चमूने यासाठी जाळी सायट्रिक आम्लात बुडवून घेतली. लिंबात असते तेच हे आम्ल. त्याने तारांवरचा ऑक्साइडचा थर सुधारतो आणि इलेक्ट्रॉनची ही गळती कमी होते.

क्रिप्टॉनची अडचण वेगळी कशी?

ऑक्सिजन आणि पाणी रासायनिक क्रियेने काढता येतात. क्रिप्टॉनचे तसे नाही. तो स्वतःच राजवायू, त्यामुळे तापलेल्या झिर्कोनियमला तो दाद देत नाही. झेनॉन हवेतून वेगळा काढला जातो आणि त्याबरोबर क्रिप्टॉनही थोडा येतोच. या क्रिप्टॉनमध्ये क्रिप्टॉन-८५ हे किरणोत्सारी समस्थानिक मिसळलेले असते. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे पावणेअकरा वर्षे. हवेतल्या या समस्थानिकाचा मोठा वाटा माणसाच्या अणुउद्योगातून, विशेषतः वापरलेल्या अणुइंधनावरच्या पुनर्प्रक्रियेतून आलेला आहे. म्हणजे विश्वाचे मूलद्रव्य शोधणाऱ्या यंत्राच्या वाटेत गेल्या ऐंशी वर्षांचा अणुइतिहास आडवा येतो.

उपाय आहे तो उत्कलनबिंदूंच्या फरकाचा. क्रिप्टॉन उणे १५३ अंशांना उकळतो, झेनॉन उणे १०८ अंशांना. उंच मनोऱ्यात ऊर्ध्वपातन केले की क्रिप्टॉन वरच्या टोकाला जमतो आणि तिथून काढून टाकता येतो. ‘लक्स-झेप्लिन’ने दुसरा मार्ग घेतला : झेनॉन सक्रिय कोळशाच्या भुकटीतून सोडायचा. क्रिप्टॉन कोळशाला कमी चिकटतो, म्हणून तो आधी बाहेर पडतो आणि झेनॉन मागून येतो. ‘झेनॉन-एनटी’मध्ये या शुद्धीकरणानंतर दर दहा लाख अब्ज अणूंमागे क्रिप्टॉनचे पन्नास-साठ अणू उरले, आणि त्यातही किरणोत्सारी अणू अत्यल्पच. टाकीत हवा शिरू दिली नाही, तर हे काम एकदाच करून भागते.

रेडॉन पुन्हापुन्हा का येतो?

रेडॉनच्या बाबतीत एकदाच साफसफाई करून चालत नाही. पोलाद, वेल्डिंगचे सांधे, केबल, पंप अशा प्रत्येक वस्तूत युरेनियमचा लेश असतो. त्याच्या साखळीतून रेडिअम आणि त्यातून रेडॉन-२२२ सतत जन्माला येत राहतो. तोही राजवायू. वस्तूंच्या पृष्ठभागातून सुटून तो झेनॉनमध्ये मिसळतो. त्याचा अर्धायुष्यकाल ३.८ दिवसांचा, म्हणजे टाकीभर पसरायला पुरेसा. पुढे त्याच्यापासून तयार होणारे शिसे-२१४ बीटा किरण देते आणि हा आजच्या झेनॉन डिटेक्टरमधला सर्वांत त्रासदायक गोंगाट आहे.

त्याविरुद्धची लढाई दोन पातळ्यांवर चालते. पहिली टाकी बांधण्यापूर्वी. प्रत्येक नट, केबल, प्रकाशनळी यांचा नमुना आधी किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राखाली जातो आणि अपात्र ठरलेला माल परत होतो. ‘लक्स-झेप्लिन’ची आतली टाकी खास निवडलेल्या टायटॅनियमची आहे. जोडणीसुद्धा रेडॉन काढून टाकलेल्या हवेच्या खोलीत झाली.

दुसरी पातळी टाकी चालू असताना. येथेही ऊर्ध्वपातनच, पण क्रिप्टॉनच्या उलट. रेडॉन उणे ६२ अंशांना उकळतो, म्हणजे झेनॉनपेक्षा सावकाश वाफ होतो. मनोऱ्यात झेनॉन वर निघून जातो आणि रेडॉन खाली रेंगाळतो. त्याला बाहेर काढण्याचीही गरज नसते. तिथेच अडकवून ठेवला की काही दिवसांत तो आपोआप विघटन पावतो. अट एकच. टाकीतले सगळे झेनॉन रेडॉनच्या आयुष्याइतक्या काळात, म्हणजे साधारण पाच दिवसांत, एकदा तरी मनोऱ्यातून फिरून यायला हवे. ‘झेनॉन-एनटी’ला हे जमले. एक टन झेनॉनमध्ये रेडॉनचे सुमारे ४३० अणू, इतक्यावर प्रमाण आले. टनामागे टक्के नव्हेत, ग्रॅम नव्हेत. मोजून ४३० अणू.

स्वच्छता कमी पडली तर काय होते?

याचे उत्तर २०२० मध्ये मिळाले. जून महिन्यात ‘झेनॉन-वनटी’च्या चमूने जाहीर केले की कमी ऊर्जेच्या पट्ट्यात २३२ नोंदी अपेक्षित असताना २८५ सापडल्या. ५३ नोंदी जास्तीच्या. जगभर खळबळ उडाली. सूर्यातून येणारे ‘ॲक्सिऑन’ नावाचे नवे कण असतील, न्यूट्रिनोंचा एखादा अज्ञात चुंबकीय गुणधर्म असेल, अशा शक्यता मांडल्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत या ५३ नोंदींवर शोधनिबंधांची रांग लागली.

चमूने स्वतःच एक तिसरी, साधी शक्यताही नोंदवली होती : ट्रिटियम. हायड्रोजनचे हे किरणोत्सारी समस्थानिक पाण्यातून किंवा हायड्रोजनमधून लेशभर शिरले असेल, तर अशाच नोंदी दिसतील. त्यासाठी एक किलो झेनॉनमध्ये ट्रिटियमचे तीनपेक्षाही कमी अणू पुरेसे होते. एवढे कमी प्रमाण मोजण्याची कोणतीही थेट सोय नव्हती. त्यामुळे ट्रिटियम आहे असे सिद्ध करता येईना आणि नाही असेही म्हणता येईना.

निकाल लागला तो पुढच्या टाकीत. ‘झेनॉन-एनटी’ सुरू करण्यापूर्वी आतल्या भागांत मुरलेला ओलावा आणि हायड्रोजन काढण्यासाठी सुमारे तीन महिने खर्च केले गेले. रेडॉनही कमी केला होता. दर टनामागचा, दर वर्षाचा, ऊर्जेच्या प्रत्येक एककामागचा गोंगाट आधी ७६ नोंदींचा होता, तो १६ वर आला. जुलै २०२२ मध्ये ९७ दिवसांच्या नोंदी जाहीर झाल्या तेव्हा जास्तीच्या नोंदींचा मागमूस नव्हता. नव्या भौतिकशास्त्राची आशा मावळली. पण हा निवाडा युक्तिवादाने झाला नाही, अधिक स्वच्छ टाकीने केला. आधीची टाकीच दुप्पट मोठी करून चालवली असती, तर जास्तीच्या नोंदीही दुप्पट झाल्या असत्या आणि संभ्रम कायम राहिला असता.

आर्गॉनचा मार्ग कसा वेगळा आहे?

झेनॉन हवेत दर अब्ज भागांमागे सुमारे ८७ भाग इतकाच असतो, तर आर्गॉन जवळपास एक टक्का. म्हणून तो स्वस्त. त्याचा एक गुणही उपयोगी : केंद्रकाला धक्का बसला तर त्याचा प्रकाश काही नॅनोसेकंदांत संपतो, इलेक्ट्रॉनला बसला तर तो मायक्रोसेकंदभर रेंगाळतो. या फरकावरून खरे-खोटे ओळखणे झेनॉनपेक्षाही सोपे जाते.

अडचण आर्गॉन-३९ ची. वैश्विक किरणांमुळे वातावरणात हे समस्थानिक तयार होत राहते. त्याचा अर्धायुष्यकाल अडीचशे वर्षांहून अधिक. हवेतल्या एक किलो आर्गॉनमध्ये दर सेकंदाला सुमारे एक विघटन होते. वीस टन आर्गॉन घेतले तर सेकंदाला वीस हजार. हा उपद्रव टाळण्यासाठी ‘डार्कसाइड’ प्रयोगाच्या चमूने हवेतला आर्गॉन सोडून जमिनीखालचा घेतला. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात कार्बन डायऑक्साइडच्या विहिरींतून येणाऱ्या वायूत थोडे आर्गॉन असते. युगानुयुगे खडकाखाली राहिल्याने त्यावर वैश्विक किरण पडलेले नाहीत आणि जुने आर्गॉन-३९ केव्हाच संपले आहे. या आर्गॉनमधले किरणोत्सारी प्रमाण हवेतल्यापेक्षा १४०० पटींनी कमी भरले. आता ग्रान सासोत उभ्या राहत असलेल्या ‘डार्कसाइड-२०के’साठी असेच भूगर्भातले आर्गॉन टनांनी काढायचे आहे. ते आणखी शुद्ध करण्यासाठी सार्डिनिया बेटावरील कोळसा खाणीच्या कूपकात ३५० मीटर उंचीचा ऊर्ध्वपातन मनोरा उभारण्याची योजना आहे.

न्यूट्रिनोंच्या अभ्यासासाठी आर्गॉनचाच वापर पण वेगळ्या प्रमाणावर होतो. द्रव आर्गॉनमध्ये इलेक्ट्रॉनचा माग काढण्याची कल्पना कार्लो रुबिया यांनी १९७७ मध्ये मांडली. तिच्यावर आधारलेल्या ‘ड्यून’ या प्रयोगासाठी फर्मिलॅबमधून निघालेले न्यूट्रिनो १३०० किलोमीटरवरच्या दक्षिण डाकोटात टिपले जातील. तिथल्या एकेका भागात १७ हजार टन आर्गॉन मावेल. येथे कणाची ऊर्जा मोठी, त्यामुळे आर्गॉन-३९ तितके सतावत नाही. खरा कस लागतो इलेक्ट्रॉनच्या साडेतीन मीटरपर्यंतच्या प्रवासात. एवढी मोठी टाकी आधी निर्वात करणेही शक्य नसते. म्हणून सर्नमधल्या नमुना टाकीत जड आर्गॉन वायू तळातून सोडून हवा वरून ढकलून देण्यात आली आणि त्यानंतर द्रव भरला. टाकीची बांधणी द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणाऱ्या जहाजांच्या तंत्रावर बेतलेली आहे.

‘न्यूट्रिनोंचे धुके’ म्हणजे काय?

सूर्याकडून आलेले सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो पृथ्वीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला आरपार जातात. त्यातले काही, विशेषतः बोरॉन-८ पासून निघालेले, झेनॉनच्या केंद्रकाला विम्पसारखाच हलका धक्का देऊ शकतात. हे न्यूट्रिनो खडकाने अडत नाहीत, गाळणीने गाळता येत नाहीत. म्हणजे सगळी अशुद्धी काढली तरी एक गोंगाट उरतोच. त्यालाच न्यूट्रिनोंचे धुके म्हणतात.

२०२४ मध्ये ‘झेनॉन-एनटी’ आणि चीनमधल्या जिनपिंग प्रयोगशाळेतल्या ‘पांडा-एक्स-फोरटी’ या दोघांनी या धुक्याची पहिली चाहूल लागल्याचे सांगितले. दोघांचीही खात्री २.७ सिग्माच्या आसपास होती. भौतिकशास्त्रात शोध म्हणण्यासाठी पाच सिग्मा लागतात. ‘लक्स-झेप्लिन’ने ती ४.५ सिग्मापर्यंत नेली. योगायोग असा, की ही टाकी ज्या कक्षात आहे तिथेच रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात कपडे धुण्याच्या सुक्या प्रक्रियेत वापरतात त्या द्रवाने सूर्याचे न्यूट्रिनो पहिल्यांदा टिपले होते. त्यासाठी त्यांना २००२ मध्ये नोबेल मिळाले. त्यांना सहाशे टन द्रव लागला होता. आज काही टन पुरतात.

मग हा प्रयत्न फसला म्हणायचा का?

वीस वर्षांत विम्प सापडला नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. जिथे तो असण्याची सर्वाधिक शक्यता मानली जात होती, त्यातला बराच भाग आता तपासून झाला आहे. पण ‘नाही’ हे उत्तरही विश्वासार्ह असावे लागते आणि ते तसे आहे, कारण टाकीत काय आहे हे अणूंच्या संख्येत माहीत आहे. या शांततेतून इतर गोष्टीही ऐकू आल्या. २०१९ मध्ये ‘झेनॉन-वनटी’ने झेनॉन-१२४ चे विघटन टिपले. त्याचा अर्धायुष्यकाल १८ वर २१ शून्ये इतकी वर्षे आहे, म्हणजे विश्वाच्या वयाच्या लाख कोटी पटींहून जास्त. इतकी दुर्मीळ घटना त्याआधी थेट मोजली गेली नव्हती.

पुढे काय, आणि भारत कुठे आहे?

झेनॉनवर काम करणारे मोठे चमू आता ‘एक्सएलझेडडी’ या संयुक्त प्रकल्पासाठी एकत्र आले आहेत. सुमारे ६० टन झेनॉन वापरून धुक्याच्या काठापर्यंतचा उरलेला भाग तपासायचा, ही योजना. त्यात दोन अडथळे. रेडॉन आजच्या नवव्या-दहाव्या हिश्शावर आणावा लागेल. टाकी मोठी झाली की झेनॉनच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ घटते, ही त्यातली जमेची बाजू. दुसरा अडथळा पुरवठ्याचा. झेनॉन हा प्रामुख्याने पोलाद कारखान्यांना ऑक्सिजन पुरवणाऱ्या संयंत्रांचा जोडपदार्थ. ६० टन म्हणजे जगाच्या साधारण वर्षभराच्या उत्पादनाइतका. उपग्रहांची इंजिने आणि चिप उद्योग यांनाही तो हवा असतो. युक्रेन युद्धानंतर त्याचे दर भडकले होते. दिलासा इतकाच, की प्रयोगात झेनॉन खर्च होत नाही. काम संपल्यावर तो जसाच्या तसा परत मिळतो. म्हणून अनेक वर्षे थोडाथोडा साठवत जाणे, हाच मार्ग उरतो.

भारताने या क्षेत्रात आरंभी मोठे काम केले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागातून कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो टिपले गेले. ती खाण बंद झाली. तमिळनाडूतील थेनी येथील न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्राने २०१५ मध्ये मंजुरी दिली, पण पर्यावरणविषयक आक्षेप आणि स्थानिक विरोधात ती अडकली. झारखंडमधल्या जादुगुडाच्या युरेनियम खाणीत साहा इन्स्टिट्यूटची भूमिगत प्रयोगशाळा आहे, तिची खोली साडेपाचशे मीटर. ‘ड्यून’मध्ये मात्र भारतीय संस्थांचा सहभाग आहे. अमेरिकेशी २०१८ मध्ये झालेल्या न्यूट्रिनो संशोधन करारानंतर फर्मिलॅबच्या नव्या प्रवेगकासाठी लागणारे भाग बनवण्यात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासह अणुऊर्जा विभागाच्या संस्था गुंतल्या आहेत. राजवायूंच्या मोठ्या टाकीसाठी आधी खोल, शांत जागा लागते. कोलारनंतर तशी जागा भारताकडे अद्याप नाही.